पठारावरचा आडोसा

कडुलिंबाचा पाला मिक्सरमध्ये नीट वाटला जात नाही, म्हणून आत्यांनी तो खलबत्त्यात कुटला. हिरवा लगदा वाटीत काढला, त्यातला चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला आणि तोंड असं केलं की मला हसू आवरेना.

"हसू नगंस," त्या म्हणाल्या. "लाव. आन् तिला घे."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मी बसले होते आणि माझी सव्वा वर्षाची लेक ईश्वरी दोन्ही हातांनी माझा गाऊन ओढत होती. मी लगदा लावला. इशूनं तोंड लावलं, झटकन मागं झाली आणि माझ्याकडं पाहिलं. कपाळाला आठ्या, जीभ बाहेर. आता भोकाड पसरणार म्हणून आत्यांनी गूळपाण्याची वाटी पुढं केली. इशूनं ती हातानं सारली, मोठा श्वास घेतला आणि परत तोंड लावलं. तिला शहारे येत होते, प्रत्येक घोटाला खांदे वर जात होते, पण प्यायली. पोटभर प्यायली, आणि वर हिरवी जीभ दाखवून हसली.

"अगं बया," आत्या म्हणाल्या. "हिचा बाप नुसत्या वासानं पळाला व्हता."

आज हीच पोरगी कारल्याची फोड ताटाबाहेर काढून ठेवते. तेव्हा मात्र तिचं अंगावरचं दूध तोडायचे आमचे सगळे उपाय तिनं असे गिळून टाकले.

हा खटाटोप चालला होता शर्यतीसाठी. डिसेंबरात ठोसेघरातून निघायचं, चाळकेवाडीच्या पठारावर चढायचं, पलीकडच्या वाड्यांमधून खालीवर करत परत ठोसेघरला यायचं. पन्नास किलोमीटर, आणि त्यात सपाट रस्ता म्हणावा असा फारच थोडा. सूर्य मावळायच्या आत पोचलं नाही तर मागून जीप येते आणि उचलून नेते. लग्नानंतर मी तिची तयारी केली होती, नावही घातलं होतं, आणि मग इशूची चाहूल लागली. त्याचं दुःख नव्हतं. पण बाळंतपणानंतर माझा प्रत्येक तास कुणाच्या तरी नावावर लागलेला असायचा. आंघोळसुद्धा कान दाराकडं ठेवून. मला एक अख्खा दिवस माझ्या पायांना द्यायचा होता. एवढंच हवं होतं, आणि ते मागताना जीभ अडखळत होती.

कारण इशू माझ्याशिवाय एक सकाळसुद्धा काढत नव्हती. बाटली भिरकावायची, गाईचं दूध थुंकायची, आणि झोप आली की फक्त मी. माझा नवरा अंकुश स्वभावानं गरीब. त्यानं विचारलं, पुढच्या वर्षी पळलीस तर नाही का चालणार. मी काही बोलायच्या आत भाकरी थापता थापता आत्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आनिक काय तरी निघंल."

म्हणजे शर्यतीला त्यांची ना नव्हती. पण शर्यतीचा विषय निघाला की त्या लगेच दूध तोडण्यावर यायच्या. तोड, तिला माझ्यापाशी निजव, चार दिवस रडंल आन् गप बसंल. रोज तेच. मला वाटायला लागलं, यांना माझ्या पळण्याशी काही घेणं नाही, नात पुरती आपल्या कुशीत हवी आहे. बोलले नाही कधी. पण इशूला घेताना मी तिला जरा जास्तच आवळून घ्यायचे.

सराव कदम मॅडमकडं होता. मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या, आणि गळ्यातली शिट्टी अजून न काढलेल्या. आम्हा पाच-सहा जणींना त्या यवतेश्वरच्या घाटात न्यायच्या. पावसाळाभर घाट धुक्यात असायचा, पुढचीची पाठही दिसायची नाही. पहिले काही आठवडे माझं पोट माझं नाहीच असं वाटायचं. चढावर पाय उचलायला सांगावं आणि मधल्या मध्ये निरोप हरवावा, तसं. मॅडम म्हणायच्या, पळू नका, नुसतं चढा. मग म्हणाल्या, पाठीवर पाणी घेऊन चढा. मग उतार पळायला लावला, आणि त्या रात्री जिना उतरताना मी कठडा धरून आडवी आडवी उतरले.

पण त्यांची खरी शिकवणी घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीत व्हायची. पळून अंग पार गळालं की त्या आम्हाला तिथं बाकड्यावर बसवायच्या. चहा प्या, वडा खा, गप्पा मारा. घाम वाळायचा, थंडी वाजायची, गुडघे लाकडासारखे व्हायचे, घर आठवायला लागायचं. नेमक्या त्या वेळी शिट्टी. उठा. आणि परत तेवढंच पळायचं. त्यांचं म्हणणं, डोंगरात बाई पळता पळता हार मानत नाही. बसल्यावर मानते. तेव्हा सराव पळण्याचा नाही, उठण्याचा करायचा.

माझी अडचण मात्र त्यांच्या शिकवणीत बसत नव्हती. एकदा घाटातल्या वळणावर धनगराचं एक करडू आईपासून चुकलं होतं आणि खडकावर उभं राहून बें बें करत होतं. तो आवाज कानावर पडला आणि माझा टी-शर्ट समोरून भिजला. मी दोन्ही हात छातीशी धरून थांबले. मॅडम मागून आल्या, त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग करडाकडं.

"बकरीच्या पोराला पण?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याही पोराला, मॅडम. परवा बाजारात दुसरीच्या बाळानं रडून माझा ड्रेस खराब केला."

"हर्षदा, माझ्याकडं पोटऱ्यांचा व्यायाम आहे, मांड्यांचा आहे, पाठीचा आहे," त्या म्हणाल्या. "याचा नाही गं."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी शेवटचा लांबचा सराव ठेवला होता. साताऱ्यातून कासच्या पठारापर्यंत जायचं आणि परत. अर्धा दिवस त्यातच जाणार. जाताना मी उत्तम पळले. तळ्यापाशी बसलेसुद्धा आणि शिट्टीबरोबर उठलेसुद्धा. पण परतीच्या वाटेवर वारा सुटला आणि त्या वाऱ्यात मला इशूचं रडणं ऐकू यायला लागलं. तिथं ती नव्हती हे कळत होतं. तरी ऐकू येत होतं. छाती दगडासारखी झाली होती, प्रत्येक पावलाला कळ काखेपर्यंत जायची. मनात चित्र उभं राहिलं: पोरगी दाराशी बसलीय, रडून रडून काळीनिळी झालीय, आत्या दमून गेल्यात. मी मॅडमना हात केला आणि भाजी घेऊन चाललेल्या एका पिकअपमध्ये चढले.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आवाज नाही. रडण्याचा तर नाहीच. मी बूट न काढता आतल्या खोलीत गेले.

गादीवर आत्या कुशीवर झोपल्या होत्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात साडीशिवाय काही अंगाला लावलं नाही, तिनं ब्लाउजवर माझा पळायचा पिवळा टी-शर्ट चढवला होता. आदल्या दिवशीचा, न धुतलेला, घामाचे पांढरे डाग पडलेला. वरून पदर. आणि त्या पदराखाली, टी-शर्टमध्ये नाक खुपसून, इशू. तोंड उघडं, एक पाय आजीच्या पोटावर. गाढ झोपलेली.

मी तिथंच खाली बसले. आत्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पहिल्यांदा टी-शर्ट पदरानं झाकायला गेल्या.

"वास लागतो तिला तुझा," त्या कुजबुजल्या. "धुतलेल्याला येत न्हाई."

"कधीपासून घालताय?"

"गणपतीपासनं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू धुऊन टाकला असतास." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "रानात आमी नवऱ्याचा शर्ट घालत न्हवतो व्हय साडीवर. तसंच हे."

मी हसले की रडले, आठवत नाही. तोंड दाबून धरलं होतं एवढं खरं. इशूनं झोपेत एक सुस्कारा टाकला आणि नाक आणखी आत खुपसलं. गणपतीपासून मी घाटात तिच्या रडण्याच्या काळजीत होते, आणि ती इथं अशी निजत होती.

"आन् तू लवकर कशी आलीस?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वारा, रडणं, पिकअप, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांची नजर मवाळ होती, आवाज मात्र करडा.

"पोरगी ऱ्हाती गं," त्या म्हणाल्या. "ऱ्हात न्हाईस ती तू."

त्या दिवसापासून कडुलिंब बंद झाला. आत्यांनी माझाच सराव सुरू केला. पळायला जाताना फोन घरी ठेवायचा, त्यांच्या ताब्यात. आल्यावर दारातूनच "रडली का?" असं विचारायचं नाही. आधी पाय धुवायचे, गूळशेंगदाणे खायचे, मग पोरगी. एकदा मी आल्या आल्या इशूकडं धावले तर त्यांनी तिला उचलून माडीवर नेलं. राग आला मला. पण पुढच्या रविवारी घाटात करडू ओरडलं तेव्हा मी थांबले नाही. टी-शर्ट भिजला तो भिजलाच, पण पाय चालत राहिले. ही गोष्ट मी मॅडमना सांगितली तर त्या म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंना माझी शिट्टी द्यायला पाहिजे.

शर्यतीच्या पहाटे ठोसेघरला इतकी थंडी होती की बोटांना नाडी बांधता येईना. इशूला घरी झोपेतच पाजून मी सरावातल्या मैत्रिणींच्या गाडीतून आले होते. आत्या, अंकुश आणि ती मागून येणार होते. घरच्यांना भेटायची परवानगी एकाच ठिकाणी होती, अर्ध्याच्या जरा पुढं, पठारावर पवनचक्क्यांपाशी. आम्ही ठरवून ठेवलं होतं: तिथं इशूला पाजायचं, माझं अंग हलकं होईल, तिचंही पोट भरेल, आणि मी पुढं निघेन.

पहिला चढ अंधारात गेला, दुसरा उन्हात. कारवीच्या वाळल्या काटक्या हातांना ओरबाडत होत्या. एका उतारावर मी घसरले आणि पुढच्या माणसाच्या पाठीला धरून वाचले. त्यानं मागं न बघताच, "धरा, धरा, ताई," म्हटलं. वाड्यांमधून जाताना दारातल्या बायका विचारायच्या, कुठं आग लागलीय गं? पाय ठीक होते. छाती नव्हती. दुसऱ्या वाडीनंतर दगड व्हायला लागली, आणि पठाराच्या शेवटच्या चढावर तर हात हलवले तरी कळ यायची. मी मनात एकच घोकत होते. वर इशू आहे. वर इशू आहे.

वर इशू होती. अंकुशच्या कडेवर, कानटोपीत. आत्या शेजारी, माझा पिवळा टी-शर्ट घालून, वरून पदर कमरेला खोचून, चारचौघांत, ताठ उभ्या. आणि मॅडम शिट्टीसकट. त्यांना तिथं पाणी वाटायचं काम दिलं होतं.

मी हात पसरले. इशूनं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, हसलीसुद्धा. मग बोट वर केलं.

"पंका," ती म्हणाली.

तिच्या डोक्यावर पवनचक्कीचं अवाढव्य पातं फिरत होतं. एवढा मोठा पंखा तिनं जन्मात पाहिला नव्हता. मी गवतात मांडी घातली, तिला घेतलं, जवळ ओढलं. तिनं तोंड फिरवलं, मान मागं टाकली. पंका. पुन्हा ओढलं तर माझ्या छातीवर हात रोवून मला ढकललं. तो हात नेमका दुखऱ्या जागी बसला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"इशू, पी ना गं. थोडं पी. आईसाठी."

ती नाही प्यायली. अंकुशनं तिला हसवून पाहिलं, आत्यांनी पदराखाली धरून पाहिलं. तिला पंखाच हवा होता. वेळ चालला होता. माझ्यामागून आलेले दोघे पाणी पिऊन पुढं गेले. मला वाटलं, झालं. अशी छाती घेऊन मी खाली उतरूच शकत नाही. जीप येईल, बसायचं. सोपं आहे.

आत्यांनी इशूला उचललं, अंकुशच्या हातात दिलं आणि त्याला म्हणाल्या, हिला पंख्याखाली ने. मग मला दंडाला धरून चार पावलं बाजूला, एका खडकापाशी बसवलं. कमरेचा पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणून माझ्यापुढं धरला.

"पिळून टाक," त्या म्हणाल्या.

"इथं? आत्या, माणसं आहेत."

"मी हाय की."

पठारावर वारा असा होता की पदर हातांतून सुटायला बघत होता. त्यांनी दोन्ही पाय फाकवून रोवले आणि टोकं मुठीत धरली. तिकडून कुणीतरी पाण्याला येत होतं, तर मॅडमची शिट्टी वाजली आणि आवाज आला, इकडं नाही, तिकडं, तिकडं पाणी. मी पाठ वळवली आणि गवतात दूध पिळायला लागले. आधी येईचना. मग आलं. धार वाळल्या गवतावर पडत होती आणि मला हमसून रडू येत होतं. माझ्या लेकीचं दूध, आणि मी ते मातीत घालत होते.

पदरापलीकडून आत्या बोलायला लागल्या. माझ्याकडं पाठ, तोंड दरीकडं.

"ती खाली झाडं दिसत्यात बघ. तिथं आमचं भाताचं रान व्हतं. अंकुश सव्वा म्हैन्याचा असंल, लावणी आली. सासूनं पोरगं घरी ठिवून घेतलं आन् मला चिखलात उतरिवलं. दुपारपतोर अशीच दगडं व्हायची माजी. मग बांधाकडं तोंड करून बसायचं आन् चिखलात पिळायचं. घरी ल्योक रडतोय म्हाईत असायचं."

वारा पदरावर आपटत होता. मी हात थांबवून ऐकत होते.

"कुणी आडोसा नाही केला?" मी विचारलं.

"कोन करनार? सगळ्यांच्या हातात रोपं." त्यांनी पदराची टोकं परत आवळली. "मला त्या चिखलात जायचं न्हवतं गं पोरी. तरी गेले. तुला तर जायाचंय. मग तू का बसलीस?"

मी टी-शर्ट खाली ओढला. गुडघे लाकडासारखे झाले होते. उठायला आत्यांचाच हात धरला आणि उठले. हलकं झालं होतं सगळं, छाती की मन, ते मला तेव्हा कळलं नाही. मी नुसती उतारानं पळत सुटले. मागून मॅडम ओरडून सांगत होत्या की वेळ कमी आहे, बोलत बसू नका. अंकुश पंख्याखाली उभा होता आणि त्याच्या खांद्यावरून इशू, मान मागं टाकून, आभाळाकडं बघत होती. तिनं मला टाटासुद्धा केला नाही.

पुढचं अंतर फार सुखाचं नव्हतं. एक नख गेलं. एका ओढ्यात बसकण मारली आणि उठले. शेवटच्या चढावर मागच्या जीपचा आवाज येत होता आणि तिच्या पुढं आम्ही तिघंचौघं एकमेकांना शिव्या देत, हसत, लंगडत पळत होतो. सूर्य डोंगराला टेकला होता, पण अजून होता. मी ठोसेघरच्या मैदानात शिरले आणि रेषेच्या पलीकडं जाऊन गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले.

अंकुश फोटो काढत होता. त्याच्या खांद्यावर इशू नुकती झोपेतून उठून डोळे चोळत होती. आत्या गर्दीतून वाट काढत आल्या. कितवी आलीस, किती वेळ लागला, त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवला, मिठाचे खडे लागले असतील त्यांच्या हाताला, आणि कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भरलंय परत?"

मी मान हलवली.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मला शामियान्याच्या कडेला खुर्चीवर बसवलं. इशूला अंकुशच्या खांद्यावरून उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. या वेळी इशूनं कुठंच बोट दाखवलं नाही. टी-शर्टमध्ये तोंड खुपसलं आणि शोधायला लागली. आत्या आमच्यापुढं उभ्या राहिल्या, पदर पसरून.

त्या पिवळट अंधारात मला फक्त तिच्या पिण्याचा आवाज येत होता. बाहेर माईकवर पूर्ण केलेल्यांची नावं पुकारत होते. थोड्या वेळानं माझं पुकारलं. मग परत एकदा पुकारलं.

"आई, तिला बोलवतायत," अंकुश म्हणाला.

पदर जरासुद्धा हलला नाही.

"थांबा म्हनावं," आत्या म्हणाल्या. "ती कामात हाय."